आधी बघा, मग वाचा: चित्रं आणि नकाशाच्या आधाराने माहिती कशी शोधायची, कशी मांडायची

नागपुरात गांधीसागर म्हणा, शुक्रवारी तलाव म्हणा किंवा जुम्मा तलाव म्हणा, ऑटोवाला नेमका तिथेच नेऊन सोडतो. इंटरनेटवर मात्र या तीन नावांनी शोधलं की तीन वेगवेगळे ढीग समोर येतात, आणि एका ढिगातलं दुसऱ्यात नसतं. फुटाळ्याचंही तेच. जुन्या कागदपत्रांत तो तेलंगखेडी तलाव असतो आणि इंग्रजीत त्याचं स्पेलिंग कधी एफने, कधी पीएचने सुरू होतं. सीताबर्डीला आपण बर्डी म्हणतो, इंग्रजीत ती निराळ्याच रूपात सापडते. मराठीतून माहिती शोधणाऱ्याची बरीचशी ताकद या स्पेलिंगच्या भानगडीत खर्च होते.

जागा मात्र एकच असते. तलावाची नावं कितीही असोत, तो पृथ्वीवर एकाच ठिकाणी आहे. फोटोलाही स्पेलिंग नसतं. म्हणून माझा आग्रह असा, की स्थानिक विषयावर माहिती शोधताना शब्दांनी सुरुवात करू नका. आधी नकाशावर जागा पक्की करा, मग चित्रं पाहा आणि वाचन त्यानंतर करा. जमवलेलं सामानही फोल्डरांच्या उतरंडीत कोंबू नका, डोळ्यांसमोर पसरून ठेवा. कॉलेजचा प्रकल्प असो, आपल्या वस्तीचा इतिहास असो किंवा नाल्याच्या तक्रारीसाठी पुरावे गोळा करायचे असोत, पद्धत हीच.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतो: नाग नदी. पश्चिमेला लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम, मग अंबाझरी तलाव, तिथून शहराच्या पोटातून पूर्वेकडे आणि पुढे कन्हानकडे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या पावसात अंबाझरी ओसंडला, नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं. तेव्हापासून ‘पाणी नेमकं कुठून येतं आणि कुठे जातं’ हा प्रश्न बऱ्याच नागपूरकरांसाठी जिव्हाळ्याचा झाला आहे. त्याचं उत्तर एखाद्या लेखात तयार मिळत नाही. ते नकाशात, फोटोंत आणि उपग्रहचित्रांत विखुरलेलं आहे.

पहिली पायरी: एक प्रश्न लिहा

‘नाग नदीची माहिती’ हा प्रश्न नाही. ‘अंबाझरीच्या सांडव्यापासून (तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथून) अशोक चौकापर्यंत नदी कुठे कुठे अरुंद होते?’ हा प्रश्न आहे. कागदावर लिहा आणि स्क्रीनशेजारी चिकटवा. चित्रं बघताना माणूस भटकतो, तेव्हा परत यायला हा कागद उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: जागा पक्की करा

गुगल मॅप्स उघडा. संगणकावर असाल तर हव्या त्या जागी उजवं क्लिक करा, फोनवर बोट दाबून धरा. दोन दशांश आकडे दिसतील. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. नागपूरसाठी ते साधारण २१.१५ आणि ७९.०९ असे असतात. शोधपेटीत टाकताना इंग्रजी अंकांत टाका. हे दोन आकडे म्हणजे तुमच्या जागेचं असं नाव, ज्याचं स्पेलिंग कधी बदलत नाही.

दशांशानंतर किती अंक घ्यायचे? दोनच घेतले तर जवळपास एक किलोमीटरचा घोळ होऊ शकतो. चार घेतले तर साधारण अकरा मीटरपर्यंत नेमकेपणा येतो, पूल किंवा सांडवा दाखवायला तेवढा पुरतो. पाच अंकांत मीटरभरावर येता. त्यापुढचे अंक नुसतं ओझं.

इथे एक खड्डा आहे, त्यात नवखे हमखास पडतात. नकाशांच्या काही फायलींमध्ये, उदाहरणार्थ केएमएलमध्ये, क्रम उलटा असतो: आधी रेखांश, मग अक्षांश. आकडे उलटे पडले तर तुमची अंबाझरी थेट नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार बेटांच्या बर्फात जाऊन पोचते. नकाशावर एखादा ठिपका असा गायब झाला तर सगळ्यात आधी क्रम तपासा.

जागेची सगळी नावं, सगळ्या स्पेलिंगांसह, याच वेळी एका ओळीत लिहून ठेवा. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा २००४ पासून चालू आहे आणि त्यात एकाच जागेला मराठी, हिंदी, इंग्रजी अशी वेगवेगळी नावं नोंदवता येतात. नावं गोळा करायला तो उत्तम.

तिसरी पायरी: शब्द टाका, पण चित्रं वाचा

आता नेहमीसारखा शोध घ्या, पण निकाल आले की ‘इमेजेस’वर जा. पहिल्या दहा दुव्यांची शीर्षकं वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात डोळा कितीतरी चित्रांवरून फिरून येतो. शीर्षक फसवं असू शकतं. पण एखाद्या पानावर नकाशा आहे, आलेख आहे, जुना फोटो आहे की नुसती सजावटीची छायाचित्रं, हे लघुचित्रात लगेच कळतं.

कुठले शब्द टाकायचे हे तुम्हाला कुठल्या प्रकारचं चित्र हवं त्यावरून ठरवा. ‘नाग नदी’ टाकलंत तर पुराचे फोटो आणि नेत्यांचे पाहणी दौरे येतील. त्याऐवजी नदीच्या नावापुढे ‘नकाशा’, ‘पाणलोट क्षेत्र’, ‘आराखडा’, ‘काटछेद’ असे शब्द जोडा आणि तेच इंग्रजीतूनही करा. मग ज्या चित्रात निळ्या रेघा आणि वॉर्डांच्या सीमा दिसतील त्यावर टिचकी मारा. त्यामागे बहुतेक वेळा एखादा अहवाल लपलेला असतो, शब्दांच्या शोधात तो फार खाली गेलेला असतो.

या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, इथे आहे, मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था इथे आहे, महाराष्ट्र सुदूर संवेदन (उपग्रहांवरून जमिनीची पाहणी) उपयोजन केंद्राचं मुख्यालय इथे आहे, इस्रोचं मध्य विभागाचं सुदूर संवेदन केंद्रही इथेच. पाणी, माती आणि नकाशे या तिन्हींवर काम करणाऱ्या संस्था एकाच शहरात. शोधात या संस्थांची नावं जोडून बघा, निकालांचा दर्जाच बदलतो.

फोटो स्वतःच्या कामात वापरायचा असेल तर ‘टूल्स’मध्ये वापराच्या हक्कांचा पर्याय आहे, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणारा परवाना, निवडा. किंवा सरळ विकिमीडिया कॉमन्सवर जा. तिथल्या प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो आणि अनेक फोटोंना अक्षांश-रेखांशही जोडलेले असतात.

चौथी पायरी: फोटोवरूनच शोधा, आणि फोटोची झडती घ्या

पुराच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर जे फोटो फिरतात त्यांतला कुठला नागपूरचा, कुठला दुसऱ्या शहराचा आणि कुठला पाच वर्षांपूर्वीचा, हे ठरवल्याशिवाय तो तुमच्या संग्रहात येता कामा नये. चुकीचा एक फोटो तुमच्या बाकीच्या खऱ्या पुराव्यांवरचाही विश्वास घालवतो.

आधी फोटो कापून घ्या. वरची ‘फॉरवर्डेड’ची पट्टी, खाली चिकटवलेला मजकूर, चॅनेलचा लोगो, सगळं बाहेर. मग दोन साधनं वापरा, कारण त्यांची कामं वेगळी आहेत. गुगल लेन्स सारखं दिसणारं शोधतं. तुम्ही एका पुलाचा फोटो दिलात तर तशाच धाटणीचे दहा पूल दाखवेल. जागा ओळखायला ते चांगलं. टिनआय मात्र नेमका तोच फोटो कुठे कुठे वापरला गेलाय ते शोधतं, मग तो लहान केलेला असो वा थोडा कापलेला. त्यात निकाल जुन्यापासून नव्याकडे लावता येतात. एवढं लक्षात ठेवा की तिथे दिसणारी तारीख टिनआयला तो फोटो पहिल्यांदा सापडल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. पण २०२३ च्या पुराचा म्हणून आलेला फोटो टिनआयला २०१९ मध्येच सापडलेला असेल, तर प्रश्न मिटला.

दोन्हींकडून काही हाती लागलं नाही तर डोळे वापरा. गाड्यांच्या नंबरप्लेट बघा: एमएच ३१, एमएच ४९ किंवा ग्रामीणची एमएच ४० दिसते का? दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत? मेट्रोचे खांब आहेत का? नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा वरून मेट्रो धावताना दिसत असेल तर फोटो त्याआधीचा असणार नाही. अंबाझरीच्या सांडव्याजवळचं विवेकानंद स्मारक, सेमिनरी हिल्सची हिरवी रेघ, अशा न हलणाऱ्या खुणा शोधा आणि त्या नकाशावर एकमेकींच्या कुठल्या बाजूला येतात ते पडताळा. फोटोत डावीकडे दिसणारी वस्तू नकाशावर त्या दिशेने डावीकडेच यायला हवी. उलट येत असेल तर फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवलेला आहे किंवा जागाच दुसरी आहे.

स्वतः काढलेल्या फोटोंबद्दल एक सांगायलाच हवं. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ नोंदली जाते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला की ही नोंद पुसली जाते. म्हणून शेजाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून फोटो मागवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. आणि याचीच दुसरी बाजू: घरातले, मुलांचे फोटो कुठे टाकताना ही नोंद काढून टाका. तुमच्या घराचा पत्ता त्यात असतो.

पाचवी पायरी: चित्रातली अक्षरं

कोनशिला, जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण, कार्यालयाबाहेर लावलेली सूचना, या सगळ्यांवरचा देवनागरी मजकूर लेन्सने उचलता येतो. उचललात की आकडे मूळ चित्राशी ताडून पाहा. १ आणि ९, ५ आणि ६ यांत गफलत होते, आणि सालात ती झाली तर सगळंच बिघडतं.

सहावी पायरी: जागा तीच, साल वेगळं

मला या कामातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. एकच जागा वेगवेगळ्या वर्षी पाहता आली की वादाचे बरेच मुद्दे तिथेच संपतात. भिंत कधी बांधली, पात्रात भराव कधी पडला, तलावाच्या काठावर बांधकाम कधी आलं, याला साक्षीदार लागत नाही.

सुरुवात गुगल अर्थपासून करा. त्यात जुनी उपग्रहचित्रं पाहण्याची सोय आहे, घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की वर्षांची पट्टी येते. त्याच्याच टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनचं शहर पसरताना दिसतं, फक्त चित्रं ढोबळ असतात. इस्रोचं भुवन २००९ पासून आहे, तेही बघा.

जरा पुढे जायची तयारी असेल तर कोपर्निकस ब्राउझर उघडा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं तिथे फुकट मिळतात, २०१५ पासूनची, दर काही दिवसांनी एक. एक ठिपका जमिनीवरचे दहा बाय दहा मीटर दाखवतो. म्हणजे शहरातलं नदीचं अरुंद पात्र त्यात जेमतेम कळेल, पण अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव स्वच्छ दिसतात.

इथे दोन गोष्टी सांभाळा. पहिली, महिना. मे महिन्यातला तलाव आणि ऑक्टोबरातला तलाव शेजारी ठेवून ‘तलाव आटला’ म्हणू नका. मे ची तुलना मे शीच करा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांखाली काहीच दिसत नाही, पावसाळा सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले. दुसरी गोष्ट, जलपर्णी. साध्या रंगाच्या चित्रात अंबाझरीचा एखादा कोपरा हिरवा दिसला की वाटतं, तिथे जमीन वर आली. त्याच तारखेवर ‘फॉल्स कलर’ निवडा. या रंगसंगतीत जिवंत वनस्पती लाल दिसतात, पाणी काळपट आणि उघडी जमीन राखाडी-करडी. तो कोपरा लालभडक झाला तर ती वनस्पती आहे. मग मागच्यापुढच्या तारखा सरकवून पाहा: लाल डाग वाऱ्याबरोबर एका काठावरून दुसऱ्या काठाला गेला तर तो पाण्यावर तरंगतोय, तलाव जागच्या जागी आहे. तो तसूभरही हलला नाही, तर काठावरची झाडी किंवा गवत समजा आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन पाहून या.

उपग्रहांच्या आधीचा काळ हवा असेल तर जुने कागदी नकाशे आहेत. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने विसाव्या शतकाच्या मध्यावर केलेली भारताची १:२,५०,००० प्रमाणातली पत्रकं टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवली आहेत. नकाशा उतरवून घ्या, गुगल अर्थ प्रोमध्ये ‘इमेज ओव्हरले’ म्हणून टाका आणि पारदर्शक करत आजच्या शहरावर बसवा. बसवताना न हलणाऱ्या जागा धरा: सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी, रेल्वेचे फाटे, तलावाची पाळ. नदीचं वळण धरू नका, तेच तर तुम्हाला तपासायचं आहे.

जमिनीच्या सीमा पाहायच्या असतील तर राज्य सरकारचं महाभूनकाशा आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट क्रमांक टाका, तुकडा नकाशावर उमटतो. माहितीसाठी ते ठीक. वाद असेल तर मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच करून घ्यावी लागते.

सातवी पायरी: ज्याला जागा आहे ते नकाशावर

आता सामान बरंच जमलं असेल. गुगल शीट्समध्ये एक तक्ता करा. रकाने एवढेच: नाव, इतर नावं, अक्षांश, रेखांश, साल, काय आहे, कुठून मिळालं, कधी पाहिलं. शेवटचे दोन रकाने कंटाळा न करता भरा. दुवे मरतात. महत्त्वाचं पान दिसलं की इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत साठवा आणि तो दुवा तक्त्यात टाका.

हा तक्ता गुगल माय मॅप्समध्ये आणता येतो. हे काम संगणकावरच्या ब्राउझरमध्ये करा. एका नकाशात दहा थर ठेवता येतात आणि एका थरात दोन हजार ओळींपर्यंतचा तक्ता आणता येतो. घरगुती कामाला हे भरपूर झालं. थर विषयानुसार करा: पूल, सांडवे, पुराचे फोटो, जुन्या नकाशातून उचललेल्या जागा. रंग सालाला द्या. रंग चारांपेक्षा जास्त झाले की डोळा गोंधळतो.

नकाशावर ठिपके पडले की जी गोष्ट यादीत कधीच दिसली नसती ती दिसते. पुराचे फोटो कुठल्या दोन पुलांच्या मधे दाटीने आलेत, कुठे एकही फोटो नाही. रिकामी जागा दिसली तर दोन शक्यता: तिथे पाणी आलं नाही, किंवा तिथल्या लोकांना कोणी विचारलंच नाही. पूर्वेकडच्या वस्त्यांच्या बाबतीत दुसरी शक्यता नीट तपासा.

आठवी पायरी: ज्याला जागा नाही ते फळ्यावर

बातम्या, न्यायालयीन आदेश, अहवालातले उतारे, तुमच्या शंका, यांना अक्षांश-रेखांश नसतात. त्यांच्यासाठी मोठा कोरा फळा घ्या. ऑब्सिडियनमधलं कॅनव्हास, एक्सकॅलिड्रॉ, लिबरऑफिस ड्रॉ, काहीही चालेल. संगणकच नसेल तर भिंतीवर चिकटवलेले कार्डशीटही तितकेच कामाचे.

मांडणीला एक नियम ठरवा आणि शेवटपर्यंत तो मोडू नका. नाग नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणून फळ्यावर डावीकडे अंबाझरी, मग रामदासपेठ, मोक्षधाम, अशोक चौक आणि उजवीकडे नंदनवन. वरून खाली काळ: जुनं वर, नवं खाली. आता २०२३ सालचं अंबाझरीचं कात्रण कुठे जाईल हे विचारावं लागत नाही, डावीकडे खाली. प्रत्येक कात्रणासोबत मूळ पानाचं छोटं चित्र ठेवा, नुसता दुवा नको.

याचा फायदा नुसता नीटनेटकेपणाचा नाही. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘डेटा माउंटन’ नावाचा प्रयोग केला होता. लोकांना शंभर वेबपानांची लघुचित्रं पडद्यावरच्या एका उतारावर आपल्या मनाने मांडायला दिली. तेव्हाच्या ब्राउझरमधल्या आवडत्या दुव्यांच्या यादीपेक्षा या मांडणीतून पानं लवकर सापडली, आणि काही महिन्यांनी परत बोलावल्यावरही लोकांना आपापल्या जागा आठवत होत्या. इतवारीत सोनं कुठल्या गल्लीत आणि किराणा कुठल्या गल्लीत हे आपण पाटी न वाचता जातो, तशीच ही आठवण चालते. म्हणूनच एकदा ठेवलेली वस्तू सुंदर दिसण्यासाठी हलवू नका. ‘ऑटो अरेंज’सारखी सोय दिसली तर बंद करा, ती तुमची आठवणच पुसून टाकते. मधे मोकळ्या जागा राहू द्या, पुढचं सामान तिथेच येणार आहे.

फळा फार भरला तर दुसरा फळा करा, पण पहिल्यातला एखादा तुकडाच मोठा करून. रामदासपेठेचा वेगळा फळा असेल तर त्यातही डावी बाजू पश्चिमच.

शेवटची आवराआवर

महिन्यातून एकदा माय मॅप्समधून केएमझेड फाइल, तक्त्याची सीएसव्ही (साध्या मजकुरातली प्रत) आणि फळ्याची पीडीएफ उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. फायलींची नावं तारखेने सुरू करा, आधी साल, मग महिना, मग दिवस. त्या आपोआप क्रमाने लागतात.

नकाशा इतरांना देण्याआधी ‘शेअर’मध्ये जाऊन बघा: पाहण्याची परवानगी आणि बदल करण्याची परवानगी वेगळ्या असतात. फोटो देणाऱ्यांची नावं, घर क्रमांक, फोन नंबर ज्या थरात आहेत तो थर वेगळ्या नकाशात हलवा आणि स्वतःपुरताच ठेवा. आणि शोधता शोधता एखाद्या नाल्याचं, पुलाचं किंवा तलावाचं मराठी नाव ओपनस्ट्रीटमॅपवर नाही असं दिसलं, तर खातं उघडून ते तिथे भरा. स्थानिक लोक जे म्हणतात ते नाव, देवनागरीत, आणि लोकांच्या तोंडी असलेली इतर नावं ‘पर्यायी नाव’ या रकान्यात. पुढच्या माणसाने जुम्मा तलाव शोधला तर त्याला गांधीसागरही सापडला पाहिजे.